खरं की ग्राफिक्स? - तंबू, पडदा आणि एका विसरलेल्या देण्याची गोष्ट



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त तसं घरगुतीच आहे. गेल्या शुक्रवारी दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती (कुवेतचा जुलै, आणखी काय सांगायचं!). मुलगी लॅपटॉपवर काहीतरी बघत बसली होती. वय वर्षं आठ. अचानक हाक आली, "बाबा, हे खरं आहे की ग्राफिक्स?"

जाऊन बघितलं तर 'आयरिस'ची एक जुनी चित्रफीत. दोन माणसं नुसत्या मनगटाच्या पट्ट्यांवर लोंबकळत प्रेक्षकांच्या डोक्यावरून घिरट्या घालत होती. मी म्हटलं, "खरं आहे. मी स्वतः बघितलंय." तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की जणू मी पानिपतावर हजर होतो असं सांगितलं :-)

पण प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या लहानपणी सर्कशीला जाऊन कुणी "हे खरं आहे का?" असं विचारत नसे. खरंच असायचं ते. हा प्रश्न सिनेमानं आणला. आणि गंमत म्हणजे ज्या सिनेमानं तो आणला, तो आपल्याकडे वाढला सर्कस आणि तालमीच्याच अंगाखांद्यावर. ही हकिकत जमेल तशी सांगतो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, इंजिनियर आहे. पण सांगली जिल्ह्यातला असल्यामुळे हा विषय आमच्या घरचाच आहे असं मला उगाचच वाटतं.

आधी 'आयरिस'बद्दल. २०१२ मध्ये कंपनीच्या कामासाठी लॉस एंजेलिसला गेलो होतो, तेव्हा तो पाहायला मिळाला. 'सर्क द्यू सोलेय' या कॅनडाच्या प्रसिद्ध कंपनीचा हा खेळ सप्टेंबर २०११ मध्ये हॉलीवुडमध्ये सुरू झाला. नाट्यगृह तेच, जिथे दरवर्षी ऑस्करचा सोहळा होतो. तेव्हाचं कोडॅक, २०१२ पासूनचं डॉल्बी. दिग्दर्शक फिलिप दकूफ्ले, संगीत डॅनी एल्फमन यांचं, कलाकार सत्तरच्या वर. विषय एकच : सिनेमाची जादू, पण कसरतीतून दाखवलेली. एका प्रवेशात रंगमंचावर फिल्मच्या पट्टीसारखे चौकोन मांडलेले होते. एक कलाकार पहिल्या चौकोनातून दुसऱ्यात जाई, तोवर पहिल्यात दुसरा आलेला असे, आणि बघता बघता आपल्यासमोर जिवंत माणसांची फिल्म सरकतेय असं वाटे. कॅमेरा नाही, संगणक नाही. नुसती वेळ सांभाळणं.

आणखी एक प्रवेश होता, 'किरिकी' नावाचा. काही कलाकार पाठीवर झोपून पायांनी दुसऱ्या कलाकारांना उडवत आणि झेलत. चेंडू नाही हो, माणसं! या नावामागची गोष्ट मला नंतर कळली. १९०७ मध्ये सेगुंदो द शोमों या स्पॅनिश माणसानं पॅरिसच्या पाते कंपनीसाठी 'किरिकी, जपानी कसरतपटू' या अर्थाच्या नावाची एक छोटी फिल्म काढली. तीत लहान मुलगा खांद्यावर फळी घेऊन अख्खं कुटुंब तोलतो, माणसं हवेत उलटीसुलटी होतात, अशक्य मनोरे उभे राहतात. खरी गोष्ट अशी की ही सगळी मंडळी काळ्या जमिनीवर चक्क आडवी पडलेली होती, आणि कॅमेरा वरून खाली बघत होता! म्हणजे १९०७ मध्ये सिनेमानं कसरतीची नक्कल केली, तीही झोपून. आणि एकशेचार वर्षांनी कसरतवाल्यांनी त्याच नावाचा खेळ उभा करून ती उडी खरोखर मारून दाखवली. हिशेब चुकता!

आता तुम्ही म्हणाल, हॉलीवुडचं ठीक आहे, यात आपलं काय? सांगतो.

सुरुवात घोड्यांपासून करावी लागेल. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात का, हे बघण्यासाठी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे मांडून फोटो काढले. हे सिनेमाच्या जन्माचं पहिलं पान समजलं जातं. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे एका माणसाला घोड्यांचंच वेड लागलेलं होतं. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. जन्म सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचा. गाण्याचं वेड तितकंच मोठं. दोन्ही विद्या शिकायला ते ग्वाल्हेरला गेले. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी राहून घोडे शिकवू लागले.

तेव्हा मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली होती. हिंदुस्थानी माणसाला असा खेळ उभा करायला अजून पुष्कळ वर्षं लागतील, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला आणि ते छत्र्यांना झोंबलं, अशी हकिकत सांगितली जाते. दंतकथेचा भाग किती ते सोडून द्या. पण १८८० च्या दशकाच्या तोंडावर 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली ही गोष्ट खरी, आणि भारतीय सर्कशीचे जनक म्हणून छत्र्यांचंच नाव घेतात हेही खरं. त्यांच्यामागून म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस अशी रांगच लागली. कृष्णाकाठच्या चार-दोन तालुक्यांतून केवढा हा कारभार!

छत्र्यांनी आणखी एक गोष्ट केली. ग्वाल्हेरचे गवई हद्दूखाँ यांचे चिरंजीव रहिमतखाँ यांना त्यांनी आपल्यापाशी आणून सांभाळलं. सर्कस जिथे जाई तिथे खाँसाहेबही जात. ज्या मुक्कामी दिवसा घोडे धावले, त्याच मुक्कामी रात्री मैफल. आपल्या 'ऑफशोअर-ऑनसाइट'वाल्यांना असा प्रोजेक्ट मिळेल का कधी? :-)

पण माझा मुद्दा निराळा आहे. या सर्कशीत उडणारी, तोलणारी, वाकणारी माणसं छत्र्यांना मिळाली कुठून? तर त्यांची तयारी आपल्या तालमींमध्ये होतच होती. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नव्यानं रूप दिलं. म्हणजे शरीर तयार होतं, तंबू तेवढा नवीन होता. छत्र्यांची सर्कस केरळात तेलिचेरीला गेली तेव्हाही तेच झालं. तिथे कीलेरी कुन्हीकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. कळरीच्या मातीत तयार झालेल्या मुलांना सर्कशीसाठी शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि १९०१ मध्ये शाळा काढली. पुढची साठ-सत्तर वर्षं भारतातल्या सर्कशी केरळी माणसांनी गाजवल्या, त्याचं मूळ हे. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी कण्णूरचा आहे. त्याला हे सगळं शाळेपासून माहीत होतं. मला मात्र अंकलखोप घरापासून जवळ असूनही तिशीत कळलं. थोडी लाजच वाटली.

आता सिनेमाकडे वळू.

७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसानं हलती चित्रं दाखवली. ती पाहून जे भारावले त्यात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा होते. फोटोग्राफीचा धंदा होता त्यांचा. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती टिपली. दुसरी फिल्म कशाची? सर्कशीच्या माकडांना शिकवणाऱ्या माणसाची! भारतीय माणसानं काढलेल्या अगदी पहिल्या फिल्मांपैकी दोन, आणि त्यातली एक आखाड्याची, दुसरी सर्कशीची. हा योगायोग नाही. कॅमेऱ्याला हालचाल हवी होती, आणि बघण्यासारखी हालचाल तेव्हा याच दोन ठिकाणी होती. अमेरिकेतही एडिसनच्या कॅमेऱ्यासमोर १८९४ मध्ये सँडो पैलवान आणि अंगाच्या घड्या घालणारे कसरतपटूच उभे राहिले होते.

(जाता जाता : याच सावेदादांनी १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांच्या स्वागताचीही फिल्म काढली. म्हणजे परदेशातून घरी येणाऱ्या मराठी माणसाचं शूटिंग करायची पद्धतही तेव्हापासूनचीच!)

मग आले दादासाहेब फाळके. ते चित्रकार होते, फोटोग्राफर होते, छपाई जाणत होते हे आपण शाळेत वाचलंय. पण ते जादूगारही होते. एका जर्मन जादूगाराकडून ही विद्या शिकून ते 'प्रोफेसर केळफा' या नावानं प्रयोग करत. नाव उलटं वाचा, म्हणजे कळेल. पुढे याच नावानं त्यांनी आपल्या जादूची एक छोटी फिल्मही काढली. फ्रान्सच्या मेलियेसची गोष्ट अगदी अशीच. तोही आधी जादूगार, मग सिनेमावाला. 'सिनेमाची जादू' हे शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्या दोघांच्या बाबतीत ते शब्दशः खरे होते.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला. ही तारीख सगळ्यांना माहीत असते. पण त्या दिवशीच्या खेळाच्या जाहिरातीत आणखी काय काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. चित्रपट होताच, आणि त्याच्या जोडीला आयरीन डेलमार नावाच्या बाईंचं नृत्य, मॅक्लेमेंट्स मंडळींची एक विनोदी नक्कल, 'टिप टॉप' विनोदी चित्रं, आणि 'अलेक्झांडर, पायांनी वस्तू झेलणारा अद्भुत कलाकार'!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलोच. भारतीय कथाचित्रपटाचा पहिला खेळ, आणि त्याच्या शेजारी पायांनी झेलाझेली करणारा एक कसरतपटू. एकाच तिकिटात, एकाच छपराखाली. त्या काळच्या थिएटरवाल्यांना नुसत्या चित्रपटावर लोक येतील याची खात्री नव्हती म्हणून हा आधार. शंभर वर्षांनी हॉलीवुडच्या त्या भव्य नाट्यगृहात 'किरिकी'मध्ये मी जे बघितलं, ते याच विद्येचं मोठं रूप. अलेक्झांडर कोण, कुठला, पुढे त्याचं काय झालं, कुणी लिहून ठेवलं नाही. फाळक्यांच्या नावानं पुरस्कार आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी गल्ल्याला ज्यानं हातभार (खरं तर पायभार!) लावला, त्याचं जाहिरातीतल्या एका ओळीपलीकडे काही उरलं नाही.

आणि इथूनच पुढे पारडं फिरलं.

१९१७ च्या 'लंकादहन'मध्ये फाळक्यांचा हनुमान उडाला. तालमीतला देव, ज्याला नमस्कार करून मल्लखांबावर चढायचं, तो पडद्यावर उडाला, आणि त्यासाठी कुणाला झुल्यावर वर्षानुवर्षं घाम गाळावा लागला नाही. कॅमेऱ्याची युक्ती पुरली. लोक वेडे झाले. तंबूतला झुलेवाला पंचवीस फुटांवरून उडी मारणार, पडद्यावरचा हनुमान समुद्र ओलांडणार. तिकीट कुणाचं काढाल?

तरी सिनेमानं सर्कशीला लगेच सोडलं नाही. पहिल्यांदा तिथली माणसं घेतली. 'हंटरवाली' (१९३५) मधली फिअरलेस नादिया आठवा. मूळची मेरी इव्हान्स, सिनेमात येण्याआधी सर्कशीत काम केलेली. मग गोष्टी घेतल्या. चॅप्लिनचा 'द सर्कस' १९२८ चा, राज कपूरचा 'मेरा नाम जोकर' १९७० चा. आमच्या पिढीला दूरदर्शनवरची 'सर्कस' मालिका आठवत असेल. तीत शाहरुख खान होता आणि आपल्यातले रेणुका शहाणे, आशुतोष गोवारीकर होते. प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी : हिरो पडद्यावर मोठा होतो, आणि झुल्यावरचा खरा कलाकार श्रेयनामावलीत सापडला तर सापडतो.

मधल्या काळात तंबूतल्या मराठी माणसांचं काय झालं? एक उदाहरण देतो, कारण ते आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांसाठी फार जवळचं आहे. दामू धोत्रे. जन्म पुण्यात, १९०२ चा. मामांच्या सर्कशीत लहानपणीच शिरले. आधी सायकलवरच्या कसरती, मग वाघ-सिंहांचे रिंगमास्तर. तिथून युरोप, आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातही काम केलं. त्यांचं 'वाघ सिंह माझे सखे सोबती' हे आत्मकथन जरूर वाचा. एच-वन व्हिसा, ग्रीन कार्ड असले शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी पुण्याचा एक गरीब मुलगा निव्वळ अंगच्या कौशल्यावर तिकडे पोचला. 'परदेशी गेलेला मराठी माणूस' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बॅरिस्टर, डॉक्टर, इंजिनियर येतात. पण सर्कशीच्या जथ्यांबरोबर बोटीनं गेलेली, कंत्राटावर राबलेली, दर पंधरा दिवसांनी गाव बदलणारी माणसं हेही आपलेच पूर्वज आहेत. इथे कुवेतमध्ये कंत्राट आणि इकामा यांच्या तारखा सांभाळत राहणाऱ्या आपल्याला ते कळायला हवं. तारेवरची कसरत म्हणजे काय ते आपण रोज बघतोच!

सर्कशीची उतरती कळा तुम्हाला ठाऊक आहे. १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवर सरकारनं बंदी घातली, ती २००१ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम झाली. २०११ मध्ये मुलांना सर्कशीत ठेवण्यावर बंदी आली. दोन्ही निर्णय बरोबरच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तंबूच्या मागे प्राण्यांचे आणि मुलांचे जे हाल होत, त्यावर पांघरूण घालून गोड आठवणी काढण्यात अर्थ नाही. पण मोठ्या माणसांच्या कसरतीवर तर बंदी नव्हती. तिथे मात्र आपण नुसती पाठ फिरवली. मल्टिप्लेक्सचं तीनशे रुपयांचं तिकीट आपल्याला चालतं, तंबूचं शंभराचं महाग वाटतं.

आणि 'आयरिस'? त्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. जंगी खर्च करून उभा केलेला, दहा वर्षं चालेल अशा हिशेबानं बसवलेला तो खेळ जानेवारी २०१३ मध्ये बंद झाला. दीड वर्षही पुरतं झालं नाही. सिनेमाच्या राजधानीत सिनेमालाच केलेला तो नमस्कार होता, पण तिथे पुरेशी तिकिटं खपली नाहीत. म्हणजे दुखणं फक्त आपलं नाही.

एक उलटी गंमतही नोंदवतो. १९९१ मध्ये पुण्यात सुरू झालेली रॅम्बो सर्कस २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नवी मुंबईत ऐरोलीला अडकून पडली. खेळ बंद, माणसं तंबूतच. शेवटी त्यांनी कॅमेरे लावून आपला खेळ चित्रित केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये ऑनलाइन तिकीट लावून तो दाखवला. १९१३ मध्ये सिनेमानं कसरतवाल्याचा आधार घेतला होता. २०२० मध्ये कसरतवाल्यानं पडद्याचा घेतला. मी तो खेळ पाहिला नाही. इथे तेव्हा कर्फ्यूतून नुकतेच बाहेर आलो होतो, नोकरीची धाकधूक होती, वगैरे वगैरे. कारणं काय, नेहमीच असतात. आज वाटतं, पाहायला हवा होता.

आता परत त्या शुक्रवारच्या दुपारकडे. मुलीला मी सांगितलं की पडद्यावर एक गोष्ट कधीच ऐकू येत नाही. झुल्यावरून एक माणूस सुटतो, दुसरा त्याला पकडतो, तेव्हा दोन मनगटांचा 'थप्प' असा आवाज येतो. 'आयरिस'च्या त्या झगमगाटात, एवढ्या मोठ्या वाद्यवृंदातही तो मला ऐकू आला होता. आणि तोच आवाज मी त्याआधी एकदा ऐकला होता, मिरजेत, आजोबांचं बोट धरून, लाकडी फळीवर बसून. आजोबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "बघ, पकडणाऱ्याकडे बघ. उडणाऱ्याकडे सगळेच बघतात."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग चित्रफीत मागे नेऊन तिनं परत लावली. या वेळी पकडणाऱ्याकडे बघत होती.

तर मंडळी, एक विनंती. आपल्यात सांगली-मिरज-कुरुंदवाड-म्हैसाळ भागातले बरेच जण आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा जुन्या ट्रंका उघडा. सर्कशीची एखादी हस्तपत्रिका, एखादा फोटो, आजीच्या तोंडची एखादी आठवण मिळाली तर तारीख-वार घालून लिहून ठेवा. फाळक्यांचा इतिहास लिहायला लोक आहेत. अलेक्झांडरचा कुणी लिहिला नाही. छत्र्यांच्या तंबूत खाली उभं राहून दुसऱ्याला झेलणाऱ्या माणसांचा तरी आपण लिहू.

चुका असतील तर जरूर सांगा, दुरुस्त करीन.

लोभ आहेच, तो वाढावा.

- एक सालमियाकर (मूळ मुक्काम कृष्णाकाठ)